केरबाचं चाक आणि उशीएवढा ढग

एकदा काय झालं, एका इनामदारानं ढग पकडला. हसू नका रे, खरंच पकडला. डोंगरावर करवंदीच्या जाळीत एक उशीएवढा ढग अडकला होता. इनामदारानं तो काढला, घरी आणला आणि रांजणात कोंबून वर झाकण बांधलं. का? तर म्हणे पाऊस फक्त माझ्याच उसावर पडायला हवा. असला हावरा माणूस, बरं का.

तो रांजण होता केरबा कुंभाराचा. आणि एक दिवस तो फुटला. ढग भुर्रकन गेला उडून.

मग इनामदार गेला पाटलाकडे. पाटलानं केरबाला बोलावलं.

"रांजण कुणी घडवला?"

"मीच जी."

"मग फुटला त्याला तूच जबाबदार. ढग काही तुला भरून देता यायचा नाही. त्याच्या बदली तुझं चाक दे."

चाक गेलं तर कुंभारानं करायचं काय? त्यानं दाद मागायची ठरवली. मग पाटलानं चाकाला दोरी बांधली, गाठीवर लाखेची मोहोर लावली. निकाल पक्का होईपर्यंत चाक फिरवायचं नाही.

केरबा देशमुखाकडे गेला. देशमुख पान खात होता. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "पाटलानं ठरवलंय ना? मग बरोबरच असेल."

झालं. केरबा घरी येऊन बांधलेल्या चाकाशी बसला. रडला बिचारा. त्याची बायको सारजा म्हणाली, "अजून राणीसरकार आहेत. जावा तिथं. अन् फुटक्या रांजणाचं हे खापर संगं घ्या."

मग केरबा निघाला. तीन दिवसांची वाट, ऊन रणरणतं. पण गंमत बघा, त्याच्या डोक्यावर मात्र सारखी सावली. केरबाला वाटलं, झाडं असतील. झाडं कुठली तिथं, नुसतं माळरान!

दरबारात इनामदारालाही बोलावलं होतं. राणी म्हणाली, "केरबा, निकाल काय लागला ते मला नको. काय झालं ते सांग."

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. केरबा म्हणाला, "सरकार, माझा रांजण घेणारानं तीनदा वाजवून घ्यायचा, अशी आमची रीत. इनामदारसाहेबांनी भर बाजारात वाजवून घेतला."

इनामदारानं होकाराची मान हलवली. राणीनं खापर हातात घेऊन टिचकी मारली. खण्ण!

"भाजणी पक्की आहे. मग फुटला कसा?"

तेवढ्यात खिडकीतून कोण आलं असेल? तोच उशीएवढा ढग! तीन दिवस केरबाच्या डोक्यावर सावली धरून तोच चालला होता. म्हणाला, "रांजण गार होता, त्यात मी सुखानं राहिलो. पण लवकर पाऊस पडावा म्हणून यांनी खाली निखारे घातले. मी फुगत गेलो आणि झाकण काही उघडेना."

राणी इनामदाराला म्हणाली, "रांजण पाण्यासाठी असतो, चुलीसाठी नाही. तो तुम्हीच फोडलात. आणि ढगाची भरपाई कसली मागता? ढग तुमचा होताच कुठे? नुकसान झालं ते केरबाचं. त्याचं चाक बंद पडलं. त्याला मडकी भाजायला दोन गाड्या जळण पोचवा." पाटलाला आणि देशमुखाला निरोप धाडला, "रांजण घडवला कुणी एवढंच विचारू नका. फोडला कुणी, तेही विचारत चला."

केरबा घरी आला. त्यानं मोहोर फोडली, दोरी सोडली, चाकाला काठी लावली. चाक गरगर फिरायला लागलं आणि सारजानं किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

पुढं दारातल्या एका रांजणावर केरबानं कधीच झाकण ठेवलं नाही. ढग दुपारचा यायचा, त्यात निजायचा, मनात आलं की जायचा. पाऊस सगळ्यांच्याच शेतावर पडायचा, इनामदाराच्या उसावरसुद्धा. सगळे सुखात राहिले.

ढगाचं झाकण उघडं राहिलं, बरं का. तुम्ही मात्र आता डोळ्यांची झाकणं लावा बघू.