सरदाराचा बगळा

जुन्या जपानमधल्या एदो शहरात तोमोसाई नावाचा चित्रकार होता. त्याने चितारलेला बगळा लाकडी ठशावरून छापून घरोघरी गेला होता. बगळा असा जिवंत, की कोळणी त्याच्यासमोर मासे झाकून ठेवत!

एका बड्या सरदाराने तोच बगळा महालात दिमाखाने लावला होता. एकदा त्याला तो मासळीबाजारात, कोळणीच्या भिंतीवर दिसला आणि त्याचं पित्त खवळलं.

त्याने तोमोसाईला बोलावून दरडावलं, "नकला त्या कोळणींना वाट! मला मूळ चित्र हवं. उद्या आणलं नाहीस, तर पुन्हा या शहरात कुंचला धरायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तोमोसाईने भर दरबारात रेशमी पुरचुंडी पुढे ठेवली. सरदाराने घाईघाईने गाठ सोडली. आत निघाल्या लाकडाच्या ढलप्या आणि त्यांना चिकटलेले कागदाचे कपटे.

"ही काय थट्टा आहे?"

"थट्टा कसली, सरकार! मूळ चित्र आम्ही फळीवर चिकटवतो आणि चित्रासकटच लाकूड कोरतो. ठसा तयार होईतो मूळ चित्राचा असा भुगा होतो. आता ते जगात फक्त आपल्याकडे आहे. बिचाऱ्या कोळणीला मात्र नुसत्या बगळ्यावरच भागवावं लागतं."