शेल्याचा सांडवा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दहिवळ्याच्या तळ्यावर गेलात, तर बांधावर सारे गाव जमलेले दिसेल. सिमेंट, खत, बियाणे, गावाला बाहेरून जे जे लागते ते पुरवणाऱ्यांपैकी वर्षभर ज्याने चोख माल दिला, त्याला त्या दिवशी शेला पांघरतात. पण आधी त्याच्याच मालाची गोणी सर्वांसमोर उसवतात. नवख्या माणसाला हे खटकते. सत्काराला बोलवायचे आणि वर झडती घ्यायची, हा कसला मान? तळ्याचे पाणी सोडणारे पाटकरी नामाप्पा अशा पाहुण्यांना सांडव्यापाशी नेतात. तळे भरले की जादा पाणी वाहून जायची ही दगडी वाट. तिच्या पायरीवर बसून ते सांगतात ते असे.

तळे बांधले जात होते तेव्हाची गोष्ट. किती वर्षे झाली ते कोणालाच ठाऊक नाही. देशमुखांनी काम अंतोबा गवंड्यावर सोपवले होते आणि चुना आणत होता पलीकडच्या टेकडीवरचा सटवा लोणारी. चुनखडीचा दगड भट्टीत भाजायचा, गोण्या गाढवांवर लादायच्या आणि बांधावर आणून टाकायच्या, हा त्याचा धंदा. तो आला की अंतोबा प्रत्येक गोणीतला एक खडा काढी आणि त्यावर ओंजळभर पाणी टाकी. पुरता भाजलेला खडा फसफसून फुटे आणि त्याचे पीठ होई. कच्चा असला तर दगड दगडच राही. अकरा वर्षांत सटवाच्या दोनच खेपा परत गेल्या होत्या. त्याही त्याने न कुरकुरता नेल्या आणि नव्याने भाजून आणल्या.

बांध पुरा झाला, सांडवा तेवढा राहिला. त्या दसऱ्याला देशमुखांनी भर सभेत सटवाला जरीकाठी शेला पांघरला. "हा बांध याच्या चुन्यावर उभा आहे," म्हणाले. त्या मुलखात लोणाऱ्याला असा मान कधी मिळाला नव्हता. त्या दिवसापासून शेला खांद्यावर टाकल्याशिवाय तो बांधावर आला नाही म्हणे.

सांडव्याचे काम वैशाखात निघाले आणि वळवाने घात केला. सटवाची सगळी लाकडे भिजली. भट्टी नुसती धुमसत राहिली. माल बाहेर काढला तेव्हा एक खडा हातात घेताच त्याला वजनावरून कळले की हा आतून कच्चा आहे. पण मृग तोंडावर आला होता आणि बांधावरून निरोपामागून निरोप येत होते. त्याने मनाशी म्हटले, अंतोबा पाणी टाकेलच. कच्चा निघाला की परत धाडेल, तोवर लाकूड वाळेल. पूर्वी असे झालेच होते.

गोण्या उतरवून तो नेहमीसारखा उभा राहिला. अंतोबाने पाण्याचे भांडे उचललेच नाही.

"बघत नाहीस?" सटवाने विचारले.

"शेला दिलेल्या माणसाच्या गोणीत हात घालू होय? तुझा अपमान करायचा नाही मला."

सटवाने तोंड उघडले. भोवती दहा-वीस माणसे होती आणि खांद्यावर शेला होता. तो काही बोलला नाही. उद्या एकटा गाठून सांगू, असे ठरवून तो टेकडी चढला. उद्या गेले, परवाही गेले.

चुना आणि वाळू दळायच्या घाणीवर भागू नावाची बाई बैल हाकत असे. तिला दगडी चाकाखाली खडे लागले. "अंतूदादा, माल कचकचतोय," तिने सांगितले.

"सटवाचा चुना आहे तो. फिरव तू," अंतोबा म्हणाला. भागूने बैल फिरवला.

पावसाळा कसाबसा निघाला. हस्ताच्या पावसाने मात्र तळे काठोकाठ भरले आणि सांडवा भर दुपारी मधोमध फुटला. खालच्या अंगाला एकच झोपडी होती, भागूची. भागू आणि तिचा बैल, दोघेही वाहून गेले. बैल सापडला. भागू सापडली नाही.

देशमुखांनी सभा बोलावली. अंतोबाने मुलूख सोडावा, असा निवाडा होत आला होता. अंतोबा खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात सटवा पुढे आला आणि त्याने शेला काढून जमिनीवर ठेवला.

"धनी, चुना कच्चा होता. मला ठाऊक होतं."

"मग आणलास कशाला?" अंतोबाने विचारले.

"तू बघशील म्हणून."

"आणि तू आणलास म्हणून मी बघितला नाही," अंतोबा म्हणाला. पूर्वीसारखे ते दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत, असे सांगतात.

सटवाने तिथेच देशमुखांकडे मागणे मागितले. नव्या सांडव्याचा सगळा चुना मी देईन, त्याचे काही घेणार नाही. पण माझी प्रत्येक गोणी चारचौघांत उसवा, आणि सगळ्यांच्या आधी माझी. देशमुखांनी मान्य केले. अंतोबाने सांडवा पुन्हा उभारला. त्या सांडव्याने तीन पावसाळे सोसले, तेव्हा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाव तोच शेला घेऊन टेकडीवर गेले. सटवाने आधी गोणी उसवायला लावली, खडा फुटलेला पाहिला आणि मगच शेला हातात घेतला. खांद्यावर मात्र टाकला नाही. तो तसाच खाली उतरला आणि भागूची झोपडी होती तिथल्या दगडावर शेला पसरून आला. त्यानंतर त्याने भट्टी लावली ती शेवटपर्यंत, पण बांधावर पाऊल ठेवले नाही म्हणे.

आजही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोणी उसवायचा हक्क सरपंचाला नाही, कंत्राटदारालाही नाही. त्या मालात ज्यांचे हात राबतात, त्यांतली एक बाई पुढे येते. ती माल मुठीत घेते, बोटांनी चुरते, तिला हवा तेवढा वेळ घेते. ती "चांगला आहे" म्हणेपर्यंत शेल्याची घडी मोडत नाहीत. नामाप्पांच्या हयातीत दोनदा ती बाई काहीच बोलली नाही. त्या दोन्ही वर्षी शेला घडीसकट परत गेला, आणि पुरवणाऱ्यानेही तिला का म्हणून विचारले नाही.