तडकलेल्या विटांची विहीर

भाविकहो, तापीकाठच्या बोरनाळे गावी म्हाळोजी महाराज मुक्कामाला होते, तेव्हाची ही लीला! तिथली जमीन सगळी गाळाची, दगड औषधालाही सापडायचा नाही. विहीर खणली की कडा ढासळायच्या. सारजा कुंभारणीचा नवरा अशाच एका विहिरीत गाडला गेला होता. आणखी कुणाचं कुंकू पुसलं जाऊ नये, म्हणून महाराजांच्या आज्ञेने ती नव्या विहिरीसाठी विटा भाजत होती.

हैबतराव पाटलांना हसू आवरेना. "मातीची वीट पाण्यात टिकते होय? विहिरीला घडीव दगडच हवा!"

"पाटील, ऋषींनी यज्ञाची वेदी विटांचीच रचली," महाराज म्हणाले. "अग्नीतून निघालेल्या मातीला कमी लेखू नका."

पाटील कसले ऐकतात! भट्टी आपसूक निवेपर्यंत तिला हात लावायचा नाही, ही कुंभारांची रीत. पाटलांनी विटा कच्च्या आहेत हे दाखवायला धगधगती भट्टीच फोडायला लावली. गार वारा आत शिरला आणि विटा तडातड तडकल्या!

सारजाने ऊर बडवला. "महाराज, माझ्या कष्टाची माती झाली हो!"

"रडू नकोस, माय. ह्याच विटा लाव."

महाराजांचा शब्द! सारजाने डोळे पुसले आणि नाम घेत एकेक वीट गवंड्याच्या हाती दिली. बांधकाम काठाला आलं, तसे पाटील दोर धरून आत उतरले. "ही बघा तुमची वीट!" म्हणत त्यांनी भिंतीला लाथ हाणली. त्याच क्षणी भोवतालची जमीन खचली! दोर हातून सुटला, भिंत आत फुगली, तडे वासले.

सारजापुढे तोच जुना दिवस उभा राहिला. "महाराज, धावा हो!"

महाराजांनी काठावरच्या विटेवर तळहात ठेवला. काय सांगावं! फुगलेली भिंत जागच्या जागी गेली, पाटलांच्या डोळ्यांदेखत तडे मिटले! सारजाने दोर पुन्हा खाली टाकला आणि अंगातलं सारं बळ लावून ओढला. गावकरीही धावले.

पाटील वर आले ते थेट महाराजांच्या पायांवर. "चुकलो, महाराज!"

"जिने ओढून काढलं, आधी तिच्या पाया पडा."

भर गावासमोर पाटलांनी सारजाच्या पायांवर पागोटं ठेवलं. ती एकाच वेळी हसत होती, रडत होती.

"महाराज," ती म्हणाली, "आज विहिरीनं माणूस परत दिला!"