बाईंच्या निबंधाची मोजणी

आमच्या कॅन्सरच्या इस्पितळात एक इंजेक्शन देतात. त्यानं अंगातली रोगाशी झुंजायची ताकद वाढते. पण डोस जास्त झाला, तर तीच ताकद पेशंटच्या जिवावर उठते. अशी गेलेली माणसं मी स्वतः स्ट्रेचरवरून खाली शवागारात नेलीत. कुणाला किती द्यायचं, हे दुधगावकर डॉक्टरीणबाईंनी सात वर्षं खपून शोधलं आणि त्यावर एकच शोधनिबंध छापला.

संचालक हिर्लेकर साहेबांचे निबंध तीनशे. बैठकीत मी चहा ठेवत होते, तेव्हा ते बाईंना म्हणाले, "सात वर्षांत एक निबंध! त्याचा उल्लेख केला जगात नऊ जणांनी. सोमवारपासून तुमची प्रयोगशाळा बंद. कुणाचं अडतंय तुमच्या कागदावाचून?"

बाईंनी मान खाली घातली. माझं डोकं फिरलं. मी तडक इंजेक्शनच्या खोलीत गेले, कपाटावर चिकटवलेला बाईंच्या निबंधातला डोसचा तक्ता काढला आणि साहेबांपुढं ठेवला.

"मावशी, हा काय प्रकार?"

"दहा मिनिटं बसा, साहेब. कळेल कुणाचं अडतंय ते."

पाचव्या मिनिटाला रोझलिन सिस्टर धावत आल्या. "मावशी, तक्ता कुठाय? तो बघितल्याशिवाय मी सुई टोचणार नाही. बाहेर बावीस पेशंट खोळंबलेत!" मागोमाग मुलांच्या वॉर्डचे डॉक्टर आले, तेही तक्ताच मागत.

मी म्हणाले, "नऊ झाले होते ना, साहेब? आता पुढं मोजा."

साहेबांनी मोजलं नाही. ते उठले आणि तक्ता स्वतःच्या हातानं जागेवर चिकटवून आले. सोमवारी प्रयोगशाळेचं कुलूप बाईंनीच उघडलं.