न दिसणारा सांधा

नदीच्या दोन फाट्यांमध्ये सापडलेल्या एका सखल जंगलात एक सुतारपक्षी राहत असे. जंगलातल्या साऱ्या लाकूडकामाचा मान त्याच्या घराण्याकडे होता. मुंगसाच्या बिळाचं दार मोडलं, खारीच्या पाळण्याची दांडी निखळली, की निरोप यायचा तो त्याच्याकडेच. रोज सकाळी तो बाभळीच्या डिंकाचे खडे शिंपल्यात टाकी, त्यावर नदीचं पाणी ओती आणि डिंक विरघळून मऊ झाला की कामाला लागे. त्या डिंकात तो लाकडाचा बारीक भुसा असा काही कालवायचा, की सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडत नसे. जंगलात लोक म्हणत, "याने जोडलेलं लाकूड मोडलंच नव्हतं, असं वाटतं." हे ऐकलं की सुतारपक्ष्याचा तुरा आपोआप ताठ होई.

या जंगलात कामाची पारख करायची एक जुनी रीत होती. काम पुरं झालं की सगळे जमत आणि म्हातारं कासव सांध्यावरून आपलं नख फिरवी. नख अडखळलं तर काम परत. सरळ सरकलं तर काम पसंत. दारं आणि पाळणे पारखायला ही रीत चांगलीच होती, पण एकदा रीत पडली की ती कशाकशाला लावावी याचा विचार कोण करतो? सुतारपक्ष्याच्या कामावर कासवाचं नख आजवर एकदाही अडखळलं नव्हतं. त्याच्या वडिलांच्या कामावर मात्र ते कधीकधी अडखळे. वडील पाण्यातल्या कामाला राळ वापरत. करंजाच्या तेलात कालवलेली राळ तापल्या कातळावर वितळवून ती फटीत भरत, आणि मग लाकडावर काळे ओघळ नि गाठी राहत. लहानपणी त्यावरून झालेला हशा सुतारपक्षी विसरला नव्हता.

जंगलाची एक होडी होती. वरच्या डोंगरात पाऊस झाला की नदी फुगे आणि ते सखल जंगल पाण्याखाली जाई. त्याआधी ज्यांना पोहता येत नाही, उडता येत नाही, अशा सगळ्यांना होडीत बसवून पलीकडच्या टेकडीवर नेत. पाणमांजर दोर तोंडात धरून होडी ओढी. एका उन्हाळ्यात ती होडी उघड्यावर राहिली, तापली आणि तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली. मग काय, बोलावणं सुतारपक्ष्यालाच आलं.

त्याने चिरीत बसेल अशी सागाची पातळ पट्टी तासली. पट्टी चपखल बसली आणि तो डिंकाचा शिंपला जवळ ओढू लागला, तेवढ्यात काठाशी पाणमांजराने डोकं वर काढलं.

"सुतारदादा, होडीला डिंक?"

"माझा डिंक वाळला की दगड होतो."

"कोरड्यात होत असेल. पण ही पाण्यात जायची आहे. तुझे वडील राळ लावायचे."

"आणि होडीवर डांबर सांडल्यासारखं दिसायचं!" सुतारपक्षी फणकारला. "राळेला कडक ऊन लागतं. आभाळ बघ कसं भरून येतंय. तू आपला दोर ओढ, सांधे मी बघतो."

पाणमांजर पुन्हा पाण्यात शिरलं. सुतारपक्ष्याने शिंपल्यात चोच बुडवली. सकाळी खड्यासारखा असलेला डिंक आता मधासारखा झाला होता. तो कशाने झाला, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? क्षणभर त्याचं मन चरकलं. मग त्याने स्वतःची समजूत घातली की पट्टी घट्ट आहे, पाणी आत शिरेलच कुठून? आणि तो भुसा कालवू लागला. मुलांनो, आपल्याला जे पक्कं माहीत असतं तेच आपण कधीकधी मुद्दाम विसरतो, आणि ते विसरायला फार हुशारी लागते.

सुतारपक्ष्याच्या झाडाखालच्या गवतात एक सशीण राहत असे. घोरपड झाडाकडे वळली की ती पाय आपटून इशारा करी. त्यामुळे त्याची अंडी कित्येकदा वाचली होती. ती त्याला दादा म्हणे आणि तिची दोन पिल्लं, एक थोरली आणि एक धाकटा, त्याला मामा म्हणत. होडी वेलींनी आवळून सावलीत वाळत ठेवली होती, तेव्हा सशीण ती बघायला आली.

"दादा, चीर होती कुठे रे?"

"शोध की!" सुतारपक्षी हसला.

तिने सगळा तळ पाहिला, पण तिला सांधा सापडला नाही. "मग पोरांना बसवू ना हिच्यात? मला पाण्याची फार भीती वाटते."

"डोळे मिटून बसव."

दुसऱ्याच दिवशी जंगल जमलं. कासवाने वेली सोडायला सांगितलं आणि होडीच्या तळावरून नख फिरवलं. नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेलं, कुठेही थांबलं नाही. "पसंत!" कासव म्हणालं आणि सगळ्यांनी एकच गलका केला. होडी पाण्यात घालून बघावी, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

पाणी चढू लागलं तशी होडी निघाली. पहिल्या खेपेला साळिंदरांचं कुटुंब सुखरूप पलीकडे पोचलं. दुसरी खेप सशिणीची होती. धाकटा होडीत उडी मारून म्हणाला, "मामा, मी पुढे बसू?"

"बस की!" सुतारपक्षी वरून म्हणाला. होडीबरोबर तोही उडत निघाला होता. खरं सांगायचं तर आपलं काम पाण्यावर कसं दिसतं, ते त्याला डोळे भरून पाहायचं होतं. त्याला स्वतःला त्या होडीत बसण्याची गरज कधीच पडणार नव्हती.

नदीच्या मध्यावर त्याला होडीच्या तळाशी काहीतरी पिवळसर दिसलं. तो भुसा होता. डिंकातून सुटून तो पाण्याबरोबर वर येत होता. मग कोणालाही न सापडलेला सांधा त्याच्या डोळ्यांसमोर सरळ रेघेसारखा उघडत गेला. "ओढ! ओढ लवकर!" तो ओरडला. पाणमांजराने जिवाच्या आकांताने दोर ओढला, पण पट्टी निसटून वर आली आणि होडी पाण्याने भरली.

पाणमांजराने सशिणीला काठाला लावलं आणि परत फिरून थोरलीला आणलं. सुतारपक्षी पाण्यावर झेपावला. धाकट्याचे कान तेवढे वर दिसत होते. त्याने एक कान चोचीत धरला आणि पंख मारले, पुन्हा मारले. सशाच्या पिल्लाला सुतारपक्षी कुठून उचलणार? जी चोच सागाचं खोड फोडत असे, तिच्यातून तो ओला कान सुटला. पाणमांजर आलं तेव्हा तिथे नुसतं पाणी वाहत होतं.

टेकडीवर पोचलेले सगळे एकत्र बसले होते. कासव म्हणालं, "नदीपुढे कोणाचं काय चालतं? काम तर पसंत झालेलं होतं." दुसऱ्यांनीही माना हलवल्या. सुतारपक्ष्याला गप्प राहायचं असतं तर तो राहू शकला असता, कारण त्याला दोष द्यायला कोणीच तयार नव्हतं. पण त्याला ते सहन झालं नाही.

"नदीचं काही चुकलं नाही, आजोबा," तो म्हणाला. "मी चुकीचा डिंक लावला."

सशिणीने मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"हो. रोज सकाळी मीच तो पाण्यात विरघळवतो."

थोरलीला पोटाशी घेऊन सशीण टेकडीच्या पलीकडच्या उतारावर निघून गेली. पाणी ओसरल्यावर ती जंगलात परतली, पण त्याच्या झाडाखाली राहायला आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सुतारपक्ष्याने गाळात रुतलेली होडी पाणमांजराच्या मदतीने बाहेर काढली. जुना डिंक खरवडून त्याने लाकूड चांगलं वाळवलं आणि नवी पट्टी बसवली. मग भर दुपारी तापल्या कातळावर राळ आणि करंजाचं तेल कालवून त्याने चीर काठोकाठ भरली, बाहेरून भरली, आतूनही भरली. काळे ओघळ आले, गाठी राहिल्या. त्याने एकही तासली नाही. वडिलांचे ओघळ त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

जंगल जमलं. कासवाचं नख पहिल्याच गाठीला अडखळलं. "हे काम—" ते म्हणू लागलं.

"नखाने नको, आजोबा," सुतारपक्षी म्हणाला. "पाण्याने पारखा."

त्याने होडी दगडांनी भरून डोहात खोलवर बुडवून ठेवायला लावली. बऱ्याच दिवसांनी ती वर काढली, पालथी केली, पुसली आणि पाण्यावर सोडली. आत पाण्याचा एक थेंबही शिरला नाही. लोक पुढे सरसावले, तसा तो आडवा आला. "आधी मी." त्याने पाणमांजराला आपले दोन्ही पंख वेलीने घट्ट बांधायला सांगितलं आणि तो बरोबर त्या काळ्या सांध्यावर जाऊन बसला. होडी भर प्रवाहातून पलीकडे गेली आणि परत आली. जन्मात पहिल्यांदा त्याला पाण्याची भीती म्हणजे काय ते समजलं.

काठावर सशीण उभी होती. ती होडीत वाकली, तिने सांध्यावर पंजा ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. मग तिने पंजा उलटा करून पाहिला. तो कोरडा होता. ती त्याला दादा म्हणाली नाही. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. नदी पुन्हा चढू लागली होती, आणि तिला पलीकडे जायचंच होतं.

थोरली मात्र आता मोठी झाली होती. तिने होडीत पाय ठेवला आणि विचारलं, "मामा, मी कुठे बसू?"

सशिणीनेच मुलीला उचललं आणि पंख बांधलेल्या सुतारपक्ष्याच्या शेजारी, त्या काळ्या सांध्यावर बसवलं.

तात्पर्य : जोड कसा दिसेल हे नंतर पाहावं, तो कुठे वापरायचा आहे आणि त्याच्या भरवशावर कोण बसणार आहे, हे आधी पाहून डिंक निवडावा.