सतरा पानांचा विलाप

“...आणि मास्तर, रडता रडता राजानं डोकं कुठं आपटावं? खांबावर की सिंहासनावर?”

“खांब कशाचा आहे?”

“पुठ्ठ्याचा.”

“मग सिंहासनावर. खांब मंडळाचा आहे, डोकं तुझं.”

हेमराजनं टिपून घेतलं. झाडीपट्टीच्या नाटकांत डोमाजी मास्तर आजवर इतक्या वेळा मेले होते, की यमही म्हणे त्यांच्या दाराशी यायला कंटाळला होता. मरणातलं त्यांना विचारायचं नाही, तर कुणाला?

जुन्या शोकांतिकेत राजपुत्र मरतो आणि म्हातारा बाप रडतो. हेमराजनं ते फिरवलं होतं. बाप मरतो, राजा झालेला मुलगा रडतो. नुसता विलापच सतरा पानांचा! पहिला प्रयोग परवावर आलेला, आणि काल रंगीत तालमीत तो विलाप ऐकून अख्खी आळी पोट धरून हसली होती. तबलजीनं तर डग्ग्यावर डोकं टेकलं.

हेमराजला ते फार लागलं. त्याचे स्वतःचे बाबा जाऊन आठच महिने झाले होते.

“म्हण पाहू,” मास्तर म्हणाले.

हेमराज उठला. पहिल्याच “हे ताता!”सरशी अंगणातल्या चिंचेवरचे बगळे उडाले, ते थेट वैनगंगेपलीकडं जाऊन बसले. सातव्या पानाला शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं. नवव्या पानाला मास्तरांनी हात वर केला.

“घरी किती रडलास, बापू?”

“वेळच कुठं मिळाला, मास्तर? तेरवी, पाहुणे, पंगती... म्हणून तर नाटक लिहायला घेतलं.”

“हं... विडा कर जरा.”

इथं राजाचा बाप मेलाय आणि यांना विडा सुचतोय! पण गुरू पडले. हेमराजनं पानाचा डबा ओढला. शेजारीच मास्तरीणबाईंचा छोटा लोखंडी खलबत्ता होता.

“दहाव्या पानावर, मास्तर, राजा धरणीमातेला जाब विचारतो...”

तो बोलत राहिला, हात चालत राहिले. पान, चुना, कात, सुपारी, सगळं खलात. कुटून कुटून लोण्यासारखं मऊ केलं, बोटानं दाबून कच लागत नाही ना पाहिलं, गोळी वळली आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

मास्तरांनी गोळीकडं पाहिलं. मग आ करून दाखवला.

ऐंशी वर्षं, बत्तीस दात. सारं गाव त्यांच्याकडून ऊस सोलून न्यायचं.

“कोणासाठी कुटलं, बापू?”

“तुमच्या...”

हेमराज थांबला.

बाबांच्या तोंडात एकही दात नव्हता. बारा वर्षं, दोन्ही जेवणांनंतर...

बत्ता हातात तसाच राहिला. मांडीवरची वही घसरली, ती त्यानं उचलली नाही. तोंडातून आवाज फुटला नाही, नुसते खांदे हलत राहिले. काल सगळ्यांत मोठ्यानं हसलेल्या मास्तरीणबाई दारात उभ्या राहून पदर शोधू लागल्या.

चिंचेवर एकेक करून बगळे परत आले.

मास्तरांनी गोळी तोंडात टाकली. दात न लावता, जिभेवर घोळवत बराच वेळ बसले.

“परवा राजाच्या हाती खलबत्ता दे,” ते म्हणाले. “बगळे उडाले नाही पाहिजेत.”