मामाची गाडी, निवासचं पॉलिश

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव निवास. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी म्हणालं, "मी येईस्तोवर हितंच थांब," आणि तो माणूस पुण्याला जाऊन नोकरीला लागला, तरी निवास तिथंच.

निवासला एक मामा होता, हिंदुराव. मामाला एक मुलगी होती, वैजा. आणि मामाला एक गाडी होती, काळी अँबॅसडर. ती एके काळी काळी होती म्हणे. आता उन्हानं तिचा रंग असा झाला होता की चुलीतली राख बरी. पूर्वी गावातली प्रत्येक वरात त्याच गाडीतनं निघायची. आता लोक म्हणायचे, नको, ट्रॅक्टर बरा.

आता मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक. निवासच्या आईनं भावापुढं विषय काढला. मामा म्हणाला, हक्क आहे, ते मी कुठं नाही म्हणतो, पण अक्कल कुठं आहे? रविवारी वडगावचे तात्यासाहेब आपल्या मुलासाठी पोरगी बघायला यायचे होते. शेवटी मामानं निवासला बोलावलं.

"भाच्या, रविवारच्या आत ही गाडी आरशागत करून दाखव. जमलं तर पाव्हण्यांना च्या पाजून परत लावतो. न्हाय जमलं, तर पाव्हण्यांना च्या तू द्यायचा."

वैजा दाराआडून ऐकत होती. तिला निवासच पाहिजे होता. का, ते कुणाला कळलं नाही. मैत्रिणींनी विचारलं तर म्हणायची, त्याच्यासंगं कंटाळा येत नाही.

मामानं पहिला धडा दिला. म्हणाला, ही गाडी वयस्कर आहे. हिचा रंग म्हाताऱ्या माणसाच्या कातडीसारखा पातळ झालाय. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्याला जपतो तसं हिला जपायचं.

"कळलं," निवास म्हणाला. आणि निवासला कळलं की गावाला धडकी भरायची.

तो गेला औषधाच्या दुकानात. गुडघ्याचं तेल आणलं, पाठीला चोळायचा बाम आणला. गाडीला गरम पाण्यानं आंघोळ घातली. चारी चाकांना तेल चोळलं, टपाला बाम लावला. मग गार लागू नये म्हणून बॉनेटवर आईची शाल पांघरली आणि शेजारी बसून विचारलं, बरं वाटतंय का.

गाडी काही बोलली नाही. सकाळपर्यंत तेलावर गावभरची धूळ बसली. कोंबड्या टपावर झोपल्या होत्या, त्यांची पिसं चिकटली. मामा अंगणात आला तर गाडीला पंख फुटलेले.

मामानं कपाळाला हात लावला. "आरं, गाडीचं सामान गाडीच्या दुकानात मिळतंय. दुकानदार सांगंल तसं कर. सवताचं डोकं लावू नगंस."

"कळलं."

तालुक्याच्या दुकानदारानं तीन डबे पुढं ठेवले आणि शांतपणे समजावलं. हे रबिंग. जुन्या गाडीचा वरचा रंग मेलेला असतो, तो ह्यानं घासायचा, खालचा ताजा रंग दिसला की थांबायचं. हे पॉलिश, ते मग. आणि हे मेण, ते सगळ्यात शेवटी.

"आन एक ध्यानात ठेव. कुठलंबी नवीन काम असू दे, आधी आडोशाला, कुणाला दिसत न्हाय अशा जागी थोडं करून बघायचं. चांगलं वाटलं तरच फुडं जायचं."

निवासनं हे पाठ करून टाकलं. शाळेत एवढं केलं असतं तर आज मास्तर झाला असता.

घरी येऊन त्यानं आडोसा शोधला. डिकी उघडली, स्टेपनी काढली आणि तिच्या खालचा पत्रा घासला. चांगलं वाटलं. म्हणून पुढं गेला. सीट उचलून सीटखाली. मग पायपुसणीखाली. मग गाडीखाली उताणा शिरला आणि दिवस मावळेपर्यंत पोट घासत राहिला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. वैजानं त्या पायांसमोर भाकरी ठेवली.

मामा आला, गाडीभोवती फिरला. गाडी होती तशीच, राखेची. निवास खालून म्हणाला, "मामा, वाकून बघा की."

मामा वाकला. खालून गाडी अशी चमकत होती की मामाला स्वतःचं तोंड दिसलं. तोंड रागावलेलं होतं.

"आरं, कुत्र्यांना दाखवायचीय का गाडी? रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला दिसलं पायजे, तिथं कर."

"कळलं."

दुसऱ्या दिवशी निवास आधी रस्त्यावर जाऊन उभा राहिला. तिथनं गाडीचं काय दिसतं ते नीट बघितलं. मग तेवढंच केलं. रस्त्याकडची बाजू काळी कुळकुळीत, भिंतीकडची बाजू राखेची. मधे टपावर सरळ रेघ. सोनारीण काकू रस्त्यानं देवळात गेल्या, येताना परसातनं आल्या आणि मामीला म्हणाल्या, दुसरी गाडी घेतलीत, सांगितलं नाहीत.

मामानं त्या रेघेवरनं बोट फिरवलं. मग म्हणाला, जे करायचं ते चारी बाजूंनी सारखं करायचं, इंचभरपण सोडायचं नाही.

तुम्ही ओळखलं असेल. निवासनं इंचभरपण सोडलं नाही. उरलेली बाजू घासली, ती छान झाली. मग काचा घासल्या. दिवे घासले, टायर घासले, आरसे घासले. नंबरची पाटी एवढी घासली की नंबरच गेला. सगळ्यावर पांढरं रबिंग तसंच वाळू दिलं. मामा घाईत होता, त्याला दूध घालायला जायचं होतं. गाडीत बसला, चालू केली, समोर सगळं पांढरं. त्याला वाटलं धुकं पडलंय. धुक्यातनं सावकाश, हॉर्न देत देत मामा उकिरड्यात गेला.

शनिवारची संध्याकाळ. गाडी उकिरड्यातनं ओढून काढली, धुतली. रंग तसा बरा दिसत होता, पण मामाचा धीर संपला होता.

"बास झालं. आता माझ्या गाडीला हात लावायचा न्हाय. उद्या तू च्या द्यायचा. आन आयुष्यात एवढं तरी शीक, ज्येला हात लावायचा न्हाय ते आधी झाकून घ्यायचं असतंय."

"कळलं," निवास म्हणाला. पण ह्या वेळी हळू म्हणाला. वैजा चुलीपाशी बसून होती. ती हसली नाही. ती हसली नाही असं त्या घरात पहिल्यांदाच झालं.

सकाळी निवासनं मामाची गाडी झाकली. रद्दीचे कागद आणि चिकटपट्टी घेऊन अख्खी गाडी गुंडाळली. नारळ बांधतात तशी.

पाहुणे आले. तात्यासाहेब पांढऱ्या शुभ्र अँबॅसडरमधनं उतरले. बसायच्या आधी गाडीचंच कौतुक सुरू. म्हणे, शहरातल्या एका डॉक्टरनं फुलासारखी जपलेली, एकाच हातातली, पोरीला ह्यातनंच नेणार. मामानं कागदात गुंडाळलेल्या स्वतःच्या गाडीकडं पाठ फिरवली. वैजा पोहे घेऊन आली. ताट असं आदळलं की शेंगदाणे उडाले.

निवासनं चहा दिला. तात्यासाहेबांना वाटलं, घरातला गडी असेल. म्हणाले, "पोरा, वाटंत धूळ लई बसली. गाडीवरनं जरा हात फिरव."

निवासनं मामाकडं बघितलं. मामाच्या गाडीला हात लावायचा नव्हता. ही मामाची नव्हती.

तो बाहेर गेला. अर्धा डबा रबिंग उरलं होतं. आधी आडोशाला करून बघितलं, चांगलं वाटलं. मग रस्त्याकडनं केलं. मग चारी बाजूंनी केलं. काचा तेवढ्या झाकल्या, शिकला होता तो. आणि मेलेला रंग जाऊन ताजा दिसेपर्यंत थांबला नाही. हा रंग जायला वेळ लागला नाही. कालच मारलेला असावा, अजून बोटाला लागत होता.

आत बोलणी रंगात आली होती. मामा सुपारी फोडायला हात पुढं करणार, तेवढ्यात वैजा खिडकीतनं बाहेर बघून हसायला लागली. थांबेना. मामी तिला दटावायला गेली आणि तीही हसायला लागली. म्हणून सगळे बाहेर आले.

पांढरी गाडी आता निळी होती. दारावर पिवळ्याधमक अक्षरात लिहिलं होतं, 'मयूर ब्रास बँड. लग्नाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील.' टपावर भोंगा बसवायची चार भोकं होती, पुट्टी भरून बुजवलेली.

निवास घाम पुसत म्हणाला, "तात्यासाहेब, खालचा ताजा रंग लागला बघा."

मामानं दारावरचं दोनदा वाचलं. मग विचारलं, "डॉक्टर पेशंटला वाजवून बरा करायचा व्हय?"

तात्यासाहेब पोहे अर्धे टाकून गेले. जाताना गावातल्या पोरांनी गाडीपुढं तोंडानं बँड वाजवला, वेशीपर्यंत.

मामा ओट्यावर बसला. बायकोला म्हणाला, भाचा येडा आहे, पण वर एक रंग, खाली एक, असला नाही. वरनं खालपर्यंत एकच येडेपणा. मग त्यानं स्वतःच्या गाडीचा कागद फाडला. आत गाडी काळी कुळकुळीत. मामाला टपात स्वतःचं तोंड दिसलं. ह्या वेळी ते हसत होतं.

लग्न ठरलं. वरात त्याच गाडीतनं निघाली, नंबराशिवाय.

मांडवात निवास पाटावर उभा राहिला. समोर अंतरपाट. पलीकडं वैजा. आणि नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहतो तशी रीत आहे, म्हणून मागं हिंदुराव मामा. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते. वऱ्हाडी तांदूळ फेकत होते, अर्धे भटजींच्या तोंडात. निवासच्या हातात झेंडूचा जाडजूड हार होता.

निवासनं हाराकडं बघितलं. असलं काम त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. अगदी नवीन काम. मग अंतरपाटाकडं बघितलं. बरा आडोसा होता.

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट बाजूला झाला. वैजानं हार उचलला आणि तिचे हात तिथंच राहिले. समोर निवासची पाठ, आणि तिच्यापलीकडं वैजाचा बाप उभा होता, गळ्यात नवरीसाठीचा हार, डोक्यावर अक्षता. वाजंत्री वाजायला लागली होती ती मधेच थांबली.

निवास एक पाऊल मागं सरकून, मान तिरकी करून मामाकडं बघत होता.

"चांगलं वाटतंय," तो म्हणाला. "आता फुडं जाऊया."